गावकीची गाठ आणि घरातली शिल्लक

शेतकऱ्याच्या घरात शिल्लक राहत नाही, हे वाक्य शहरात इतक्या वेळा बोलले जाते की, ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. पोस्टातील वा बँकेतील पुस्तक उघडून पाहिले तर ते खरेही वाटते. परंतु खेड्यातील शिल्लक केवळ पुस्तकात शोधणे म्हणजे विहिरीतले पाणी घागरीवरून मोजण्यासारखे आहे. ती शिल्लक गोठ्यात बैलाच्या रूपाने उभी असते, घरधनिणीच्या गळ्यात डोरल्याच्या रूपाने असते, कणगीत धान्याच्या रूपाने असते. आणि तिचा एक मोठा भाग तर घरात दिसतच नाही, कारण तो दुसऱ्यांच्या घरी ठेवलेला असतो. शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात केलेला आहेर, भावकीतल्या कोणाच्या दुखण्यात पोहोचवलेली पायलीभर ज्वारी, पेरणीच्या घाईत सावडीने दिलेली बैलजोडी, इर्जिकीला दिलेला एक दिवस, ही सारी एक प्रकारची ठेवच होय. तिच्यावर व्याज नाही, तिची पावती नाही. आहे ती फक्त शब्दाची हमी.

ही हमी कितपत खरी ठरते, ती कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, आणि ती मिळवण्यासाठी घराला काय मोजावे लागते, हे पाहिल्यावाचून ग्रामीण बचतीविषयी बोलणे व्यर्थ आहे.

सुदैवाने या बाबतीत केवळ तर्कावर विसंबण्याचे कारण नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू पिकांच्या संशोधनासाठी ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. या संस्थेने १९७५ पासून काही निवडक खेड्यांत घरोघरचा जमाखर्च वर्षानुवर्षे टिपून ठेवला. त्यांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, अकोला जिल्ह्यातील कान्झरा व किनखेडा आणि त्या वेळच्या महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली व दोकूर ही गावे होती. कोणत्या घरात किती पिकले, किती विकले, किती खाल्ले, कोणाकडून किती उसने घेतले, याच्या नोंदी तेथे झाल्या. जगातील अनेक अर्थशास्त्रज्ञांनी पुढे या वह्या अभ्यासल्या आणि त्यांतून निघालेले निष्कर्ष खेड्यातल्या माणसाला नवल वाटू नये, पण शहरातल्या माणसाला वाटावे, असे आहेत.

रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये औरेपल्ली, शिरापूर आणि कान्झरा या तीन गावांचा हिशेब मांडला. एकेका घराचे उत्पन्न वर्षागणिक फार खालीवर होते, असे त्याला दिसले. एकाच शिवारात एकाचे पीक साधते, दुसऱ्याचे बुडते. एकाचा कर्ता पुरुष ऐन सुगीत आजारी पडतो, दुसऱ्याचा धडधाकट राहतो. परंतु घराघरातील खाण्यापिण्याचा खर्च मात्र त्या प्रमाणात खालीवर होत नव्हता. तो बराचसा सबंध गावाच्या खर्चाबरोबर चालत होता. म्हणजे ज्याचे बुडाले त्याची चूल अगदी विझत नव्हती; उसनवारी, मदत, धान्याची देवघेव अशा अनेक वाटांनी गाव त्याला काही अंशी सावरून धरत होते. हे संरक्षण पूर्ण नव्हते, हेही त्याने नोंदवले. शिवाय तीनपैकी एका गावात भूमिहीनांना ते इतरांपेक्षा कमी लाभत होते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तिच्याकडे पुन्हा वळावे लागणार आहे.

पण गाव कोठवर सावरणार? एकाचे घर पडले तर दहा हात वासे उचलायला येतात. सगळ्या गावाची घरे पडली तर हात आणायचे कोठून? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हेच पाहिले. सर्वांच्याच कणग्या रिकाम्या झाल्यावर उसने मागण्यासारखे दार उरले नाही, आणि माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. त्याच अनुभवातून रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

गावाची ही मर्यादा शेतकरी फार पूर्वीपासून ओळखून आहे. म्हणून तो आपली नाती शिवेपलीकडे नेतो. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये इक्रिसॅटच्याच नोंदींवरून दाखवले की, ज्या घरांचे शेतीचे उत्पन्न अधिक बेभरवशाचे, ती घरे मुली अधिक दूरच्या गावी देण्याकडे कललेली असतात, आणि अशा सोयरिकींमुळे त्यांच्या खाण्यापिण्यातील चढउतार कमी होतो. पाऊस कोसाकोसावर बदलतो. माहेरी कोरडे गेले तरी सासरी एखादी सर पडलेली असते. मुलीला दूर दिले म्हणून डोळे पुसणाऱ्या आईला हा हिशेब ठाऊक नसेल, पण अडचणीच्या वर्षी जावयाच्या गावाहून आलेले पोते तिला ठाऊक असते.

अशा रीतीने गावकी आणि सोयरीक ही बचतीची जागा काही प्रमाणात घेतात. ज्याच्यामागे दहा माणसे आहेत त्याला रोख रक्कम साठवण्याची निकड कमी भासते. ज्याच्यामागे कोणी नाही त्याला मात्र स्वतःच्या बैलावर हात टाकावा लागतो. रोझेनझ्वाइग व केनेथ वोल्पिन यांनी १९९३ मध्ये नेमके हेच दाखवले की, वाईट वर्षी शेतकरी बैल विकून घर चालवतो व बऱ्या वर्षी पुन्हा विकत घेतो. बैल ही त्याची बँक. पण ही बँक मोडली की पुढल्या वर्षीची नांगरणीही मोडते. संकटात विकलेला बैल स्वस्तात जातो आणि सुगीनंतर घ्यायचा बैल महागात पडतो, कारण सारेच एकदम विकतात आणि सारेच एकदम घेतात. ज्या बचतीला हात लावताच उद्याची भाकरी कमी होते, ती बचत अपुरी आहे, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

आता या गाठीची दुसरी बाजू पाहू. जी गाठ संकटात धरून ठेवते, तीच गाठ चांगल्या दिवसांत हात आखडू देत नाही. लग्नाच्या मांडवात वही घेऊन बसलेला माणूस कोणी पाहिला नाही? कोणाचा किती आहेर आला हे तो लिहितो, आणि ती वही पुढल्या पिढीपर्यंत जपली जाते. आलेला आहेर तेवढ्याच मोलाने, किंबहुना थोड्या अधिक मोलाने, परत करावयाचा असतो. बारसे, लग्न, घरभरणी, दिवसकार्य, जत्रा यांत भाग घेतला नाही तर वहीतले नाव पुसले जाते, आणि नाव पुसले गेले की दुष्काळात दारही बंद होते. म्हणून अनेक घरे कर्ज काढून आहेर करतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो उधळेपणा वाटतो. वस्तुतः तो विम्याचा हप्ता असतो. फक्त तो ऐपतीप्रमाणे ठरलेला नसतो, लौकिकाप्रमाणे ठरलेला असतो, आणि येथेच गरिबाचे घर बुडते.

याहून नाजूक प्रकार घरात घडतो. समजा, एका घरी सोयाबीनचे पैसे आले. ही बातमी बाजाराहून गाडी परतण्यापूर्वी गावात पोहोचते. चुलतभावाला औषधाला हवे असतात, मेहुण्याला बियाण्याला हवे असतात, शेजाऱ्याला वीजबिल भरावयाचे असते. सगळ्यांच्या गरजा खऱ्या असतात आणि नाही म्हणणे हा अपराध ठरतो. म्हणून पुष्कळ माणसे पैसा हाती राहू नये अशीच व्यवस्था करतात. कोणी लगेच शेळी घेतो, कोणी पत्रे आणून ठेवतो, कोणी सोनाराकडे जातो. पुष्कळ गृहिणी डाळीच्या डब्याच्या तळाशी नोटांची घडी ठेवतात. ती घडी नवऱ्यापासून लपवलेली असते असा समज आहे. पुष्कळदा ती नवऱ्याच्या भिडस्तपणापासून लपवलेली असते. आपल्या माणसांवर माया आहे आणि आपल्या माणसांपासूनच पैसा राखावयाचा आहे, असा हा पेच आहे. ग्रामीण बचतीचा कोणताही विचार या पेचाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

या पेचावर लोकांनी स्वतःच शोधलेला उपाय म्हणजे भिशी. बारा जणींनी दरमहा पाचशे रुपये काढावयाचे, जमलेले सहा हजार चिठ्ठी काढून एकीला द्यावयाचे, आणि असे वर्षभर चालवावयाचे. जिची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघते तिला हे बिनव्याजी कर्ज होते. जिची शेवटी निघते तिची ती बिनव्याजी बचत होते. केवळ आकडे पाहणारा विचारील, शेवटच्या बाईला यात काय लाभ? तिने ते पैसे डब्यात ठेवले असते तरी सहा हजारच झाले असते. परंतु प्रश्नाचे उत्तर त्या डब्यातच आहे. डब्यात ते राहिले नसते. ‘भिशी भरायची आहे’ हे उत्तर दिराला, जावेला, शेजारणीला देता येते व ते सर्वांना मान्य होते. ‘मला साठवायचे आहेत’ हे उत्तर देता येत नाही. एका गाठीतून सुटण्यासाठी बाईने दुसरी गाठ मारून घेतलेली असते.

मग पहिली चिठ्ठी घेणारी बाई पुढचे अकरा हप्ते का भरते? कागद नाही, तारण नाही. ती भरते, कारण तिला त्याच पाणवठ्यावर जावयाचे आहे, तिच्या मुलीचे लग्न त्याच गावात ठरावयाचे आहे. जोवर भिशी ओळखीच्या वर्तुळात आहे तोवर ही लाज पुरेशी असते. वर्तुळ वाढले, अनोळखी माणसे आली, चालक मोठा झाला आणि लिलावाच्या बोली चढू लागल्या की लाज पातळ होते व पैसा बुडतो. अशा फसवणुकी वाढल्या म्हणूनच १९८२ मध्ये चिटफंडांचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

गोव्यात या प्रश्नाला फार जुने रूप आहे. तेथील गावकरीची जमीन गावाची मानली जाई. ती लिलावाने कसण्यास देत. येणाऱ्या उत्पन्नातून आधी बांधबंदिस्ती, देवस्थान व गावचे खर्च होत, आणि उरलेले गावकरांमध्ये ‘जण’ म्हणून वाटले जाई. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात या प्रथांची लेखी नोंद केली, आणि पुढे ‘कोमुनिदाद’ या नावाने ही संस्था चालू राहिली. खाजन जमिनीत खारे पाणी शिरू नये म्हणून घातलेले बांध व त्यांची मानशी ही या सामाईक बचतीचीच मूर्त रूपे होत. एकट्या घराला बांध परवडत नाही, गावाला परवडतो. परंतु जण मिळे तो गावकर घराण्यातील पुरुषांनाच. त्याच शेतात राबणाऱ्या मजुराला व गावात बाहेरून येऊन राहिलेल्याला तो हक्क नव्हता. १९६४ च्या कुळकायद्यानंतर शेतजमिनींच्या लिलावाची जुनी घडी मोडली. संस्था उरल्या, पण बांध कोणी दुरुस्त करावयाचा, हा वाद अनेक गावांत उभा राहिला. वाटणीचा न्याय आणि राखणीची जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळणे किती अवघड आहे, हे यातून दिसते.

गोव्याच्याच लोकांनी हीच गाठ मुंबईत नेऊन बांधली. धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावागावांचे ‘कूड’ शेकड्यांनी निघाले. बोटीवर जाणारे खलाशी, स्वयंपाकी, वादक, नोकरीच्या शोधात आलेले तरुण तेथे अल्प भाड्यात राहत. प्रत्येकाची पेटी भिंतीशी लावलेली, संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणावयाचा, आणि गावच्याच वडीलधाऱ्यांची नजर सर्वांवर. बोटीवरून उतरलेल्या खलाशाच्या खिशात कित्येक महिन्यांचा पगार एकदम असे, आणि बंदराच्या वस्तीत तो एका रात्रीत नाहीसा करणारे पुष्कळ असत. कुडातल्या नजरेने तो पैसा वाचवून गावी पोहोचवला. त्यातून घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुले शिकली. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या चाकरमान्यांच्या गाववाल्या खोल्यांनी हेच काम केले. पाहणारे डोळे असले की हात राखला जातो, हा त्या सर्वांचा अनुभव.

या अनुभवाची अलीकडे पद्धतशीर परीक्षाही झाली आहे. कर्नाटकातील साठ खेड्यांत एमिली ब्रेझा आणि अरुण चंद्रशेखर या अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी सहा महिन्यांत किती शिल्लक टाकावयाची हे स्वतःच ठरवले. काहींच्या बाबतीत गावातील एका व्यक्तीला ठराविक काळाने सांगितले जाई की, अमक्याची बचत येथवर आली. ती व्यक्ती पैसे देत नव्हती, घेत नव्हती, रागावतही नव्हती. तिला केवळ माहीत असे. एवढ्यानेच त्या घरांची एकूण बचत, तशी व्यक्ती न नेमलेल्या घरांच्या मानाने, सुमारे पस्तीस टक्क्यांनी वाढली. ज्याचा गावात अधिक लोकांशी संबंध, त्याला माहीत असण्याचा परिणाम अधिक. माणूस पैशासाठी जितका जपतो त्याहून अधिक नावासाठी जपतो, हे या प्रयोगाने आकड्यांत मांडले.

याच तत्त्वावर सहकाराची उभारणी झाली होती. बडोद्यात १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य साहाय्यकारी मंडळी निघाली, ती परस्परांना ओळखणाऱ्या शहरी मध्यमवर्गीय कुटुंबांची. १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा होताच, दुसऱ्याच वर्षी गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात सिद्धनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची सोसायटी काढली. जर्मनीत रायफायझेनने घालून दिलेला नियम असा होता की, एकाने बुडवले तर सर्वांनी भरावयाचे. ज्याला शेजाऱ्याचे कर्ज भरावे लागेल तो शेजाऱ्याची चाल आपोआप पाहील, ही त्यामागील दृष्टी. तरीही गोरवाला समितीने १९५१-५२ मधील स्थितीची पाहणी केली तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के. कारणे अनेक होती. त्यांतील एक गावातच होते. ज्याच्या हाती जमीन, त्याच्याच हाती पाटिलकी, दुकान व सावकारी. आणि पुष्कळ ठिकाणी सोसायटीही त्याच्याच ओटीवर भरे. सारे गाव एक आहे असे धरून चालणाऱ्या योजनेला गावातील उतरंड दिसली नाही.

१९९२ मध्ये नाबार्डने पाचशे बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तेव्हा हा धडा काही अंशी लक्षात घेतला गेला. गट लहान, दहा ते वीस जणींचा. सगळ्या साधारण सारख्या परिस्थितीतल्या. आधी बचत, मग आपसांत कर्ज, आणि मगच बँक. तीन दशकांत अशा गटांची संख्या एक कोटीवर गेली. परंतु येथेही गाठ आवळली जाऊ शकते, हे आंध्र प्रदेशात दिसले. तेथे नफ्यासाठी कर्ज वाटणाऱ्या कंपन्यांनी गटाची लाज हेच तारण धरले. एकेका बाईवर तीन-तीन, चार-चार कर्जे चढली, आणि वसुलीसाठी शेजारणींनाच दारात बसवले गेले. आत्महत्यांच्या वार्तांनी राज्य हादरले, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्या बायकांना बचत करावयास लावणारी नजर आणि त्यांना घराबाहेर पडू न देणारी नजर, दोन्ही त्याच शेजाऱ्यांच्या होत्या.

तेव्हा गावकी चांगली की वाईट, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ती कशासाठी पाहते आहे, हा खरा प्रश्न. बचत पाहणारी नजर घराला उभे करते. खर्च पाहणारी नजर त्याच घराला वाकवते. ज्या गावाने आहेराची कमाल मर्यादा सर्वांसाठी एकदम ठरवली, तेथे गरिबाला कमी आहेर केल्याची लाज उरत नाही. एकट्याने तो कमी केला तर मात्र नाव जाते. ज्या गटात दर बैठकीला वही मोठ्याने वाचली जाते, तेथे अक्षरशत्रू बाईलाही आपली शिल्लक पाठ असते व चालकाला लबाडी साधत नाही. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि वही तिसरीकडे, ही साधी रीत पुष्कळ भांडणे वाचवते. आणि गटाबरोबरच बाईचे स्वतःच्या नावाचे एक खाते असावे. २०१४ पासून जनधन खात्यांनी ते सोपे केले आहे. सामाईक पेटी ही संकटासाठी. हे खाते, जे कोणास सांगण्याची सक्ती नाही, ते तिच्या स्वतःच्या निर्णयासाठी.

शेवटची गोष्ट त्या भूमिहीनांची, ज्यांचा उल्लेख आरंभी येऊन गेला. गावाच्या वहीत ज्यांचे नाव फिक्या शाईने लिहिलेले असते, अशी माणसे प्रत्येक गावात आहेत. मजूर, एकटी राहणारी विधवा, ऊसतोडीला सहा महिने परगावी जाणारे कुटुंब. गटाची बैठक ते गावात नसताना भरते, हप्ता त्यांच्या मजुरीच्या दिवसाशी जुळत नाही, आणि जामीन राहण्यास कोणी पुढे येत नाही. बचतीची सर्वांत अधिक गरज त्यांना, आणि नात्यांचे पाठबळ सर्वांत कमी तेही त्यांनाच. बैठकीचा दिवस त्यांच्या सोयीने ठरवणे, तोडीहून परतल्यावर एकदम हप्ता भरू देणे, त्यांच्यासाठी एका सभासदाने जामीन राहणे, याला सरकारी योजना लागत नाही. पुढल्या बैठकीत कोणी तरी त्यांचे नाव घ्यावे लागते, आणि वही लिहिणाऱ्याने ते इतरांच्याच शाईने लिहावे लागते.